गालिचा घरी शाम्पू करताना: व्हॅक्यूमची जोडणी, साबणाचं माप आणि ओढून काढायचं पाणी

घरी शाम्पू केलेल्या गालिच्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुबट वास येतो, पंधरा दिवसांत तो पुन्हा काळवंडतो, कडा वळतात, हात फिरवला की चिकट लागतं. या सगळ्यांचं मूळ एकच: घातलेलं पाणी आणि साबण पुरेसा बाहेर काढलेला नसतो. फेस कसाही होतो, त्याला कौशल्य लागत नाही. ५ लिटर पाणी घातलं आणि त्यातलं निदान साडेतीन लिटर मशीनने परत ओढून घेतलं, तर काम जमलं. पुढचं सगळं या हिशोबाने वाचा.

तुमचं मशीन नक्की कोणतं

शाम्पूची जोडणी तीन तऱ्हांची असते आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

जुन्या कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरबरोबर फेसाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्याला जोडायचा ब्रश मिळायचा, काहींबरोबर अजूनही मिळतो. यात पाईप ओढण्याच्या तोंडाला न लावता मागच्या ब्लोअरच्या तोंडाला लावतात. हवा डब्यातल्या शाम्पूच्या पाण्यातून जाते आणि ब्रशमधून घट्ट फेस बाहेर पडतो. हे मशीन पाणी ओढू शकत नाही.

दुसरं वेट अँड ड्राय मशीन. ते ओलं ओढतं, पण फवारा सोडत नाही. फवारा हातातल्या स्प्रे बाटलीने मारायचा आणि रबरी पट्टीच्या ओल्या नोझलने ओढायचं. यावर काम उत्तम होतं.

तिसरं स्प्रे एक्स्ट्रॅक्शन. त्याला स्वच्छ पाण्याची वेगळी टाकी आणि पंप असतो. नोझलचा खटका दाबला की पुढून फवारा उडतो आणि तेच नोझल मागे ओढताना पाणी खेचून घेतं.

कोरड्या मशीनने ओला गालिचा चुकूनही ओढू नका. त्यात ओढलेली हवाच मोटरमधून जाते आणि मोटर थंड करते, म्हणजे पाणीही थेट मोटरमध्ये जातं. वेट अँड ड्राय मशीनमध्ये मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून त्याला ओलं चालतं.

गालिचा उलटा करून बघा

पाठ बघितली की निम्मे निर्णय होतात. पाठीवरही पुढचीच नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि एकेक गाठ मोजता येत असेल, तर तो हातगाठीचा आहे. पाठीवर सुती कापड चिकटवलेलं असेल तर हँड-टफ्टेड. सरळ रेषेत ताग किंवा प्लॅस्टिकसारखे दोरे दिसत असतील तर मशीनवर विणलेला.

सगळ्यात जपायचा तो हँड-टफ्टेड. त्याची लव, म्हणजे वरचे उभे धागे, पाठीला लॅटेक्सच्या (रबरी डिंकाच्या) थराने धरलेली असते. पाणी तिथवर पोचलं की लॅटेक्स हळूहळू सुटतं, पाठ फुगते आणि रबरासारखा वास धरते. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातून हातगाठीचे आणि टफ्टेड असे दोन्ही गालिचे बाजारात येतात, पुढून सारखेच दिसतात. तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता पाठ बघा.

मग धागा. काठावरचा एक धागा कापून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीपेटीने जाळा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडणारी काळी राख पडली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सूत, ताग किंवा व्हिस्कोज.

चमकदार लव आहे आणि धागा कागदासारखा जळतो, म्हणजे व्हिस्कोज. दुकानात त्याला आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क म्हणतात. तो घरी शाम्पू करायचाच नाही. ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, लव चपटी पडते, पिवळट होते आणि परत उभी राहत नाही. खरं रेशीम, वडिलोपार्जित काश्मिरी गालिचा आणि तागाची चटई यांनाही हे मशीन लावू नका.

रंगाची परीक्षा मात्र सगळ्यांची घ्या. वापरणार तेच शाम्पूचं पाणी पांढऱ्या सुती फडक्यावर घ्या, गालिच्याच्या गडद रंगावर कोपऱ्यात ठेवून १० मिनिटं वजन ठेवा. लाल, गडद निळा आणि काळा हे तिन्ही रंग वेगवेगळे तपासा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा.

कोरडी सफाई, जी लोक उरकून टाकतात

गालिच्यातला बहुतेक मळ कोरडाच असतो: धूळ, वाळू, केस, कपड्यांचा पिंजर. तो कोरडा असताना व्हॅक्यूमने निघतो. पाणी पडलं की त्याचा चिखल होतो आणि लवेच्या बुडाशी जाऊन बसतो.

आधी गालिचा उलटा टाका आणि पाठीवरून ब्रशशिवायचं नोझल फिरवा, किंवा तळहाताने थोपटा. खाली पडलेली वाळू झाडून घ्या. मग सुलटा करून प्रत्येक पट्ट्यावरून चार ते सहा वेळा हळू फिरवा, दोन वेळा लवेच्या दिशेने आणि उरलेल्या उलट्या दिशेने. ५ बाय ७ फुटांच्या गालिच्याला १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत झालं असेल तर झालेलं नाही.

जागा आणि वीज

गालिचा मार्बलवर किंवा शहाबादी फरशीवर असेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. पाझरलेला रंग दोन्ही दगड धरतात आणि तो डाग निघत नाही. फर्निचर हलवता येत नसेल तर पायांखाली ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्या सरकवा, नाहीतर लोखंडी पायाचा गंज आणि सागवानाचं पॉलिश ओल्या लवेत उतरतं.

१४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर घेतं, म्हणजे साध्या छोट्या प्लगची अगदी कड. पंखा-दिव्याच्या बोर्डवर किंवा एक्स्टेंशनवर ते लावू नका, गीझर-फ्रिजसाठी असतो तो १६ अँपिअरचा प्लग वापरा. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना, आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज तुटते ना, हे आधी बघा. पायात रबरी चप्पल हवी.

मशीनची तयारी

धुळीची पिशवी काढा. कागदी घडीचा फिल्टर काढा आणि त्याजागी ओल्या कामासाठीचं स्पंजचं आवरण चढवा. कागदी फिल्टर ओला झाला की हवा अडते आणि ओढ मरते. झाकणाखाली जाळीत एक चेंडू किंवा तरंगता प्याला असतो, तो फ्लोट. टाकी भरली की तो वर उचलला जाऊन हवेचं तोंड बंद करतो, आवाज एकदम चिरका होतो आणि ओढ थांबते. बोटाने वर-खाली करून तो मोकळा हलतो का पाहा.

फ्लोट पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. टाकीत फेस चढला तर तो फ्लोटला चुकवून मोटरकडे जातो. म्हणून सुरू करण्यापूर्वीच मळक्या पाण्याच्या टाकीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, किंवा फेस मारणारं डिफोमर मिळत असेल तर बाटलीवरच्या मापाने ते. मागच्या तोंडातून फेस किंवा पाण्याचे थेंब उडताना दिसले तर त्याच क्षणी बंद करून प्लग काढा.

शाम्पू किती

कार्पेटसाठीचाच, कमी फेसाचा शाम्पू घ्या. बाटलीवर माप लिहिलेलं असेल तर त्याच्या वर एक थेंबही नको. लिहिलेलं नसेल तर फवारा-ओढ पद्धतीसाठी १ लिटर पाण्याला १० मिलि, म्हणजे दोन छोटे चमचे, पुरतं. लोकरीला हे माप निम्मं करा आणि शाम्पू पीएच उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारही नाही, असा घ्या. लोकरी कपड्यांचं लिक्विड १ लिटरला ५ मिलि चालतं. कपड्यांची पावडर लोकरीला कधीच नको. ती क्षारयुक्त असते, शिवाय तिच्यातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम लोकरीचा धागाच खातात, कारण लोकर हे प्रथिनच आहे.

जास्त शाम्पू म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत फार गालिचे घालवते. उरलेला साबण वाळून चिकट थर होतो आणि त्यावर पायांची धूळ बसत राहते. गालिचा पंधरा दिवसांत काळा पडतो तो यामुळेच.

पाणी कोमट घ्या, हात सहज बुडवून ठेवता येईल इतकं. लोकरीला त्याहून गरम नको. बोअरवेलचं पाणी असेल तर निदान शेवटच्या धुण्याला नळाचं मऊ पाणी वापरा. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून पांढुरका साका बनवतात आणि लव खरखरीत होते.

प्रत्यक्ष काम

५ बाय ७ फुटांचा, म्हणजे ३५ चौरस फुटांचा सिंथेटिक गालिचा धरू. शाम्पूचं पाणी २ लिटर, धुण्याचं पाणी अडीच लिटर. एवढ्यात भागतं. यापेक्षा जास्त लागत असेल तर फवारा जास्त होतोय.

दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, म्हणजे ओल्यावर पाय पडणार नाही. साधारण २ बाय ३ फुटांचा तुकडा घ्या. फूटभर वरून बारीक फवारा मारा, लवेची टोकं ओली दिसली की पुरे. आता मऊ ब्रशने एकदा उभं, एकदा आडवं फिरवा. गोल गोल घासू नका, लव पिळली जाते. आठ मिनिटं थांबा. साबणाला मळ सोडवायला वेळ लागतो, पण तुकडा वाळूही द्यायचा नाही. पंखा या वेळी बंद ठेवा.

मग ओढ. नोझल दोन्ही बाजूंनी गालिच्याला पूर्ण टेकलं पाहिजे. एक कड उचललेली राहिली तर तिथून नुसती हवा जाते. मनगटाने खाली दाब देत नोझल स्वतःकडे ओढा, एक फूट अंतराला दोन ते तीन सेकंद. नोझल पारदर्शक असेल तर आत बघत राहा. पहिल्या ओढीला राखाडी, चहासारखं पाणी पट्टीने वर चढताना दिसेल, दुसऱ्या ओढीला तुटक धारा, तिसरीला नुसते थेंब काचेला चिकटलेले. थेंब हलायचे थांबेपर्यंत त्याच पट्ट्यावरून ओढायचं. सहसा चार ओढी लागतात. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढवून घ्या, नाहीतर वाळल्यावर मध्ये मळकी रेघ उमटते.

स्प्रे एक्स्ट्रॅक्शनच्या मशीनवर खटका दाबून एक ओली फेरी, खटका सोडून तीन कोरड्या फेऱ्या, हे प्रमाण कायम ठेवा. पाणी मळकट येतंय म्हणून फवारा वाढवत नेणं हाच सगळ्यात मोठा मोह आहे. पाणी पाठीपर्यंत जातं आणि तिथून मशीन ते परत आणू शकत नाही.

सगळा गालिचा झाला की टाकी रिकामी करा आणि धुण्याची फेरी घ्या. १ लिटर साध्या पाण्यात ५० मिलि पांढरं व्हिनेगर. ते साबणाचा क्षार मारतं आणि लव मोकळी होते. ही फेरी पहिल्याच्या काटकोनात घ्या. शेवटी फवारा न मारता पूर्ण गालिच्यावरून आणखी दोनदा नुसतं ओढा. पांढरा टिशू ठेवून टाचेने दाबा: टिशू दमट झाला तर ठीक, ओला होऊन चिकटला तर अजून ओढायचं आहे.

झालर मशीनने करू नका, नोझल ती आत खेचून तोडतं. फळीवर ठेवून ओल्या फडक्याने हाताने पुसा.

फेसाच्या डब्याची पद्धत

यात पाण्याचा धोका कमी, पण खोलवर सफाईही कमी. टफ्टेड गालिच्याला म्हणूनच ही बरी. डबा निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर फेसाऐवजी पाणी उडतं. एक भाग शाम्पू, आठ ते दहा भाग पाणी, आणि शाम्पू वाळून कुरकुरीत पूड होणारा हवा. पारखायला तो बशीत थोडा वाळवा: सकाळी नखाने भुरभुर निघाला तर चालेल, चिकट साय राहिली तर नको.

फेस ब्रशने फक्त लवेच्या वरच्या अर्ध्या भागात जिरवा आणि लगेच कोरड्या टॉवेलने मळकट फेस टिपा. बाकीचा पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पाईप पुन्हा ओढण्याच्या तोंडाला लावून पूड काढा, दोन्ही दिशांनी. ती काढली नाही तर सगळी मेहनत गालिच्यातच राहते.

डाग आधी, शाम्पू नंतर

आपल्या घरातले डाग वेगळे असतात आणि त्यांतली हळद सगळ्यात फसवी. तिच्यावर साबण घातला की पिवळा डाग क्षणात लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी साबण घालतो. हळदीतलं कुर्कुमिन क्षाराने लाल होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते तो हाच गुण, पारंपरिक कुंकू याच्यावरच बनतं. लाल झालेल्या डागावर व्हिनेगरचं पाणी टाका, तो परत पिवळा होतो. मग टिपून घ्या, आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा, कुर्कुमिन उन्हात विटतं. बाकीच्या गालिच्यावर जाड कापड झाकून फक्त डाग उन्हात ठेवा.

कुंकू, गुलाल, रांगोळी सांडली तर पाणी अजिबात नाही. ब्रश न लावता, नोझल गालिच्याला न टेकवता वरच्यावर ओढून घ्या. आजचं बहुतेक कुंकू आणि गुलाल कृत्रिम रंगाचे असतात, एक थेंब पाणी लागला की रंग धाग्यात शिरतो. गणपतीत पसरलेल्या गालिच्याची हीच गत असते आणि तो काळ पावसाळ्याचा. तेव्हा फक्त कोरडं ओढून घ्या, डाग टिपा, शाम्पू ऑक्टोबरच्या उन्हात.

समईचं तेल सांडलं तर कॉर्नफ्लोअर दाबून तासभर ठेवा, ओढून घ्या, मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब कपभर पाण्यात घालून टिपा. दूध, अंडं, लहान मुलांची शू यांना गार पाणीच. गरम पाण्याने दुधा-अंड्यातलं प्रथिन धाग्यावर गोठून बसतं. मेण बर्फाने कडक करून खरवडा. डाग कोणताही असो, बाहेरून आत टिपत या, घासू नका.

वाळवणं

लोकरीला १२ ते २४ तास, सिंथेटिकला ६ ते १० तास. ४८ तासांनंतरही दमट असेल तर बुरशी धरणारच. म्हणून कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा खरा मोसम. सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंतचं ऊन आणि वारा मिळतो.

ओला गालिचा दोरीवर टाकू नका. पाण्याच्या वजनाने तो मधोमध ताणला जातो, टफ्टेडचा डिंक तिथेच सुटतो. दोन बाकांवर किंवा खाटेवर आडवा पसरा, खालून हवा लागली पाहिजे. उन्हात ठेवायचाच तर पाठ वर. टेबलफॅन जमिनीवर ठेवून वारा लवेच्या सपाटीवरून जाऊ द्या. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. निम्मा वाळला की कोरड्या ब्रशने लव एका दिशेला लावा, आत्ता बसलेली लवच पुढे तशी राहते.

बिघाड आणि कारणं

वाळल्यावर जुना डाग पुन्हा वर आला, तर मळ बुडाशी होता आणि वाळताना पाण्याबरोबर टोकाला चढला. डाग थोडा ओला करा, वर चार पदरी पांढरा टॉवेल, त्यावर पाच किलो वजन, रात्रभर. डाग टॉवेलात येतो.

तपकिरी छटा आली तर तागाच्या किंवा सुताच्या पाठीतला रंग वर आला आहे, कारण जास्त पाणी किंवा क्षार. व्हिनेगरच्या पाण्याचा हलका फवारा मारून ओढा आणि भराभर वाळवा.

ओढ कमी वाटते? आधी झाकणाचं रबर नीट बसलंय का, मग पाईपचे सांधे, मग फ्लोट, मग नोझलच्या तोंडात अडकलेला पिंजर, याच क्रमाने बघा. फवारा येत नसेल तर स्वच्छ टाकीतली जाळी तुंबली असेल, किंवा नोझलच्या छिद्रात क्षार बसले असतील. नोझल अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. टाचणीने कोरू नका, छिद्र मोठं झालं की फवाऱ्याची धार होते.

मशीन आवरताना

मळकं पाणी न्हाणीघराच्या जाळीत ओतू नका, पिंजराने ट्रॅप तुंबतो. जुन्या फडक्यातून गाळून संडासात ओता. स्वच्छ टाकीत १ लिटर साधं पाणी घालून पंपातून सोडा, नाहीतर साबण वाळून वाल्व्ह चिकटतात. टाकी आणि फ्लोटची जाळी धुवा. रिकाम्या पाईपने पाच मिनिटं मशीन चालू ठेवा, आतला ओलावा उडतो. पाईप दोन्ही तोंडं खाली करून टांगा, स्पंजचं आवरण सावलीत वाळवा. धुळीची पिशवी आणि कागदी फिल्टर टाकी पूर्ण कोरडी झाल्यावरच, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसवा. त्याच दिवशी बसवले तर पुढच्या कोरड्या सफाईत धूळ ओल्या पिशवीवर थापली जाते आणि मशीन ओढत नाही.